बोटांचे गाऱ्हाणे

दिवाळीच्या खरेदीची यादी कोणत्याही घरातली काढून पाहा. साड्या, मुलांचे कपडे, उटणे, सुगंधी तेल, पणत्या, रवा, मैदा, तूप ही मंडळी यादीत वर बसलेली असतात. चपला-बुटांचा नंबर अगदी तळाशी. आणि ती खरेदी तरी होते कशी? सारा बाजार फिरून माणसे दमलेली, मुले कुरकुरत असलेली, दुकान बंद व्हायला दहा मिनिटे उरलेली. “जरा घट्ट वाटतोय, पण वापरून सैल होईल,” असे दुकानदार म्हणतो आणि आपण मान डोलावतो. मौज अशी की पुष्कळदा जोडा सैल होण्याआधी बोटेच त्याच्या आकाराची होऊन बसतात.

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पित्त, डोकेदुखी आणि गुडघे यांची नेहमी गर्दी असते. पायाच्या बोटांविषयी क्वचितच कोणी लिहिते. यंदा मात्र मारेगावहून एका शिक्षिकाबाईंचे पत्र आले. मारेगाव हे यवतमाळ जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, वणीच्या अलीकडचे. भोवती काळी जमीन आणि कपाशीची शेते. बाई लिहितात : “शाळेत पाच-सहा तास उभे राहावे लागते. दुपारनंतर उजव्या पायाच्या पुढच्या भागात, तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मुळाशी, चपलेत खडा राहिल्यासारखे टोचते. मग चटका बसतो आणि दोन्ही बोटांत मुंग्या येतात. टेबलाखाली चप्पल काढून पाय चोळला की बरे वाटते. सासूबाई म्हणतात, जोडवी बदल. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणते, त्या घेतल्या की दोन दिवस बरे जातात. काय करावे?”

पत्राच्या शेवटी एक ओळ होती : “मामंजींच्या अंगठ्यालाही जखम झाली आहे. त्यांना मधुमेह आहे. पण त्यांना काही दुखत नाही, म्हणून ते कोणाला दाखवत नाहीत.”

बाईंच्या प्रश्नाचे उत्तर पुढे देतोच. त्या शेवटच्या ओळीचे उत्तर मात्र दिवाळी अंकाची वाट न पाहता त्याच दिवशी फोनवर दिले. ते का, हेही कळेल.

चवड्याचे काम

टाच आणि बोटे यांच्यामधला, पाय उचलताना ज्यावर आपण रेटा देतो तो पुढचा भाग म्हणजे चवडा. एका पावलात 26 हाडे असतात आणि त्यांतली 19 या पुढच्या अर्ध्यात आहेत : पाच लांब हाडे तळव्यात आणि चौदा लहान हाडे बोटांत. अंगठ्याला दोन, बाकीच्या बोटांना तीन-तीन. अंगठ्याच्या मुळाखाली वाटाण्याएवढी आणखी दोन हाडे असतात. ती त्याच्या स्नायूला कप्पीसारखी मदत करतात.

चालताना आधी टाच टेकते, मग भार बाहेरच्या कडेने पुढे सरकतो आणि शेवटी सगळा भार चवड्यावर येऊन अंगठा जमीन मागे रेटतो. प्रत्येक पावलाला क्षणभर का होईना, सारे शरीर या भागावर तोललेले असते. त्यात चपलेची टाच उंच केली की तो भार उतारावरून घसरल्यासारखा पुढे येतो. पोटरीचा स्नायू आखडलेला असला तरी तेच होते, कारण टाच वेळेआधी उचलली जाते. हे दोन मुद्दे लक्षात ठेवले की चवड्याच्या निम्म्या दुखण्यांचे मूळ सापडते.

बाईंचे दुखणे

तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधून एक मज्जातंतू जातो. चिंचोळ्या चपलेत बोटे एकमेकांवर दाबली गेली की तो दोन हाडांमध्ये चेपतो आणि वर्षानुवर्षे चेपून त्याच्याभोवतीचे आवरण जाड होते. खडा टोचल्यासारखे वाटणे, चटका, मुंग्या आणि जोडा काढून चोळताच आराम ही त्याची ठळक लक्षणे. फिलाडेल्फियाचे शल्यवैद्य टॉमस मॉर्टन यांनी 1876 साली या दुखण्याचे वर्णन केले, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. ते पुरुषांपेक्षा बायकांना अधिक होते. कारण उघड आहे : बायकांच्या चपला पुढे निमुळत्या आणि मागे उंच.

जोडव्यांचा यात सहसा दोष नसतो. जोडवी दुसऱ्या बोटात, दुखणे तिसऱ्या-चौथ्यात. मात्र पाय सुजत असतील, गरोदरपण असेल किंवा जोडवे रुतून वळ उठत असेल, तर ते वेळीच काढून ठेवावे. सौभाग्य बोटाच्या सुजेत अडकून राहिलेले नसते.

उपाय क्रमाने सांगतो. पहिला आणि सर्वांत मोठा : पुढून रुंद, टाचेला सपाट आणि तळाला जाड-मऊ अशी चप्पल किंवा बूट. दुसरा : चवड्याखाली छोटी मऊ गादी. ही गादी दुखऱ्या जागेच्या अगदी खाली लावायची नसते. ती किंचित मागे, टाचेच्या बाजूला लावायची, म्हणजे हाडे थोडी फाकतात आणि तंतूला वाट मिळते. तिसरा : पोटरीचा ताण. भिंतीला हात टेकून एक पाय मागे सरळ ठेवावा, टाच जमिनीला चिकटलेली असावी आणि पोटरी ताणलेली. तीस सेकंद मोजावे. दोन्ही पायांनी तीन-तीनदा, सकाळ-संध्याकाळ. एवढे नेमाने दोन-तीन महिने केले तर पुष्कळांचे काम भागते. न भागल्यास अस्थिरोगतज्ज्ञ त्या जागी इंजेक्शन देतात. शस्त्रक्रिया शेवटची, तीत तो तंतू काढला तर बोटांची बेचकी कायमची बधिर राहते.

आणि त्या दुकानातल्या गोळ्या? वेदनाशामक गोळ्या दोन-चार दिवसांसाठी असतात. महिनोन् महिने मनाने घेतल्या तर पोटात व्रण होतो आणि मूत्रपिंडे दुखावतात. शिवाय चपलेचा दोष गोळीने जात नाही.

तंतूचा त्रास नसतानाही चवडा दुखतो. फरशीवर अनवाणी तासन् तास उभे राहणे, वजन वाढणे, दुसऱ्या बोटामागचे हाड जन्मतःच लांब असणे, वयाबरोबर तळव्याची चरबी विरळ होणे ही त्याची कारणे. दिवाळीच्या आठवड्यात चकल्या-अनारशांसाठी ओट्याशी उभ्या राहणाऱ्या गृहिणींना हे सांगायला नको. पायांखाली एखादी जाड सतरंजीची घडी आणि घरात वापरायची एक मऊ चप्पल एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

अंगठ्याची तीन दुखणी

अंगठ्याच्या मुळाशी बाहेर आलेले टेंगूळ पुष्कळांच्या पायाला दिसते. अंगठा शेजारच्या बोटाकडे कलतो आणि सांधा बाहेर डोकावतो. याची प्रवृत्ती घराण्यात असते आणि चिंचोळे बूट तिला खतपाणी घालतात. बोटांमध्ये घालायचे रबरी तुकडे आणि रात्रीच्या पट्ट्या बाजारात मिळतात. त्यांनी घासणे कमी होते, पण हाड सरळ होत नाही. शस्त्रक्रिया करावी ती दुखण्यासाठी. नुसत्या दिसण्यासाठी करू नये.

दुसरे दुखणे म्हणजे सांधा झिजून अंगठा ताठणे. चढ चढताना, उकिडवे बसताना अंगठा वर वाकत नाही आणि कळ येते. इथे मऊ तळाची चप्पल सोय करत नाही. तळ ताठर आणि पुढून किंचित वर वळलेला हवा, म्हणजे अंगठ्याला वाकावेच लागत नाही.

तिसरे दुखणे मध्यरात्री येते. माणूस धडधाकट झोपतो आणि दोनच्या सुमारास अंगठ्याचा सांधा लाल, गरम, सुजून टम्म होतो. पांघरुणाचे ओझेही सोसवत नाही. हा वातरक्ताचा झटका. चरकसंहितेत वातरक्तावर स्वतंत्र अध्याय आहे आणि या रोगाला ‘आढ्यवात’, म्हणजे श्रीमंतांचा वात, असेही नाव दिले आहे. रक्तातल्या युरिक ॲसिडचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात, त्याची ही आग. पुरुषांना हा रोग अधिक होतो. बायकांना पाळी जाण्याआधी क्वचितच. झटक्याच्या दिवशी रक्त तपासले तर युरिक ॲसिड नेहमीएवढेही निघू शकते, म्हणून एका तपासणीवर निर्धास्त होऊ नये. झटक्यावर डॉक्टर कोल्चिसिनसारखे औषध देतात. हे ज्या जातीच्या कंदापासून मिळते, त्याला यूनानी हकीम सुरंजान म्हणतात. झटके वारंवार येत असतील तर युरिक ॲसिड उतरवणारी गोळी वर्षानुवर्षे घ्यावी लागते. ती आपल्या मनाने बंद करू नये.

पथ्याविषयी एक गैरसमज आहे. कित्येक घरांत “युरिक ॲसिड आहे” म्हणताच वरण, उसळ आणि पालक यांची हकालपट्टी होते. डाळी आणि भाज्यांनी या रोगाचा धोका वाढत नाही, असे आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. आवरायचे ते मद्य, काळीज-कलेजीसारखे मांस आणि साखरेची बाटलीबंद पेये.

हाड, नख, कातडी

चालण्याची सवय नसताना एकदम खूप चालले तर तळव्यातल्या लांब हाडाला केसासारखी चीर पडते, बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाडाला. 1855 साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी कवायतीने सुजलेल्या शिपायांच्या पायांचे वर्णन केले, ते हेच दुखणे. आज ते आळंदीहून पंढरपूरला पहिल्यांदाच पायी निघालेल्यांना किंवा अचानक धावू लागलेल्या तरुणांना होऊ शकते. पावलाच्या वरच्या बाजूला सूज आणि एका हाडावर बोट ठेवताच कळ ही त्याची खूण. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत काहीच दिसत नाही, म्हणून “एक्स-रे चांगला आहे” असे म्हणून चालत राहू नये. काही आठवडे विश्रांती हेच औषध.

भोवरी किंवा कुरूप म्हणजे सतत घासल्यामुळे जाड झालेली कातडी. कोमट पाण्यात पाय भिजवून वजरीने हळूहळू घासावे. ब्लेडने कापू नये. पण चप्पल तीच राहिली तर भोवरी पुन्हा येणारच. नखे नेहमी सरळ रेषेत कापावीत. कोपरे खोल कोरले की नख मांसात घुसते. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्यांना बेचके कोरडे ठेवणे आणि बुरशीवरचे मलम हा उपाय. झटपट खाज थांबवणारी मिश्र मलमे बाजारात मिळतात. त्यांत स्टेरॉइड असेल तर खाज थांबते आणि बुरशी मात्र आत फोफावते.

शेतावर जाणाऱ्यांसाठी आणखी एक : बाभळीचा काटा. तो मोडून टोक आत राहिले तर वरची जखम भरते, पण आठवड्यांनंतरही तिथे ठणका राहतो. तो काढून घ्यावा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करावी.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण पुरुषाची बोटे थंड पडत असतील, रात्री झोपल्यावर दुखत असतील आणि पाय खाटेखाली लोंबकळत सोडल्यावर बरे वाटत असेल, तर रक्तवाहिन्या बंद होत चालल्याचे ते लक्षण आहे. न्यूयॉर्कचे डॉ. लिओ ब्युर्गर यांनी 1908 साली या रोगाचे सविस्तर वर्णन केले. तंबाखू पूर्ण सोडणे हेच त्याचे मुख्य औषध. विड्या सोडून खर्रा धरला तर काही साधत नाही. न सोडल्यास बोटे काळी पडून कापावी लागतात.

न दुखणारा पाय

आता त्या शेवटच्या ओळीकडे वळू. जखम आहे आणि दुखत नाही, याचा आनंद मानावा असे आपल्याला सहज वाटते. पण दुखणे हा शरीराचा पहारेकरी आहे. चोर घरात शिरला आणि पहारेकरी गप्प राहिला, तर ते सुलक्षण म्हणायचे का?

मारेगावहून वणीमार्गे वर्धा नदी ओलांडली की वरोरा लागते. तिथे बाबा आमटे यांनी उभे केलेले आनंदवन आहे. 1949 साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. त्याआधी, 1936 साली, मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केले होते. त्या काळी सर्वांची समजूत अशी की कुष्ठरोगाने बोटे सडून गळून पडतात. वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात 1946 नंतर काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी रोग्यांच्या हातापायांवर बारीक लक्ष ठेवले, तेव्हा निराळेच सत्य समोर आले. रोगजंतू मज्जातंतू मारतात आणि संवेदना जाते. मग चपलेचा खिळा घुसला तरी कळत नाही, विस्तव लागला तरी कळत नाही. काहींची बोटे तर रात्री उंदीर कुरतडत आणि रोगी झोपेतून जागाही होत नसे. बोटे जात होती ती अशा रोजच्या इजांनी. तेव्हा ती वाचवण्याचा मार्गही साधा होता : रोज पाय पाहणे आणि मऊ रबराची चप्पल. तशी रबरी पादत्राणे आजही सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमात विनामूल्य दिली जातात. विदर्भात या रोगाचे नवे रुग्ण आजही सापडतात. अंगावर फिकट किंवा लालसर बधिर चट्टा दिसला तर सरकारी दवाखान्यात सहा ते बारा महिन्यांच्या मोफत औषधाने रोग पूर्ण बरा होतो.

शहरातल्या वाचकांना वाटेल, हे आमच्या घरापासून दूरचे आहे. तसे ते नाही. मधुमेह वर्षानुवर्षे आटोक्याबाहेर राहिला की तोही पायाचे तंतू असेच मुके करतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे 2023 साली प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात की आपल्या देशात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे. म्हणजे तुमच्या आळीत, तुमच्या इमारतीत, कदाचित तुमच्याच घरात असा पाय असू शकेल.

मारेगावच्या मामंजींना बाईंनी दुसऱ्या दिवशी रुग्णालयात नेले. जखम साफ करताना तळाशी काट्याचे मोडके टोक निघाले. ते कधी रुतले हे त्यांना सांगता आले नाही. पू हाडापर्यंत पोचलेला नव्हता, म्हणून अंगठा वाचला. आणखी पंधरा दिवस गेले असते तर असे म्हणता आले नसते. अशा जखमेसाठी डॉक्टरांकडे जायला दूरचे मोठे शहर गाठावे लागत नाही. जवळचे सरकारी रुग्णालय आहे. गरज पडली तर यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे. उशीर तेवढा नको.

घरच्या घरी एक परीक्षा

पायाची संवेदना शाबूत आहे का, हे पाहण्याची सोपी रीत इंग्लंडमधल्या इप्सविच रुग्णालयातल्या डॉक्टरांनी बसवली आहे. रोग्याने डोळे मिटून पडावे. दुसऱ्याने आपल्या तर्जनीच्या टोकाने त्याच्या दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना एकेक करून हलकेच स्पर्श करावा. दाबू नये, चोळू नये. क्षण-दोन क्षण टेकवावे. कोणत्या पायाला स्पर्श झाला, हे रोग्याने सांगायचे. सहापैकी दोन किंवा अधिक जागी कळले नाही, तर पाय मुका होत चालला आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे.

अशा माणसाने पुढील नेम पाळावेत :

1. रोज रात्री तळवे आणि बेचकी पाहावीत. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा किंवा घरच्यांनी पाहावे.
2. घरातसुद्धा अनवाणी चालू नये. देवळाच्या तापलेल्या फरशीवर तर मुळीच नाही.
3. चप्पल घालण्यापूर्वी ती झटकून आत हात फिरवावा.
4. गरम पाण्याची पिशवी पायाला लावू नये. पाणी किती गरम आहे ते कोपराने पाहावे.
5. भोवरीवरची औषधी पट्टी लावू नये. तिच्यातल्या आम्लाने चांगली कातडीही जळते.
6. फोड, चीर, लाली, रंग बदलणे, वास यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दाखवावे, मग दुखो वा न दुखो.

नवी जोडी घेताना

चपला-बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. कागदावर उभे राहून दोन्ही पावलांची आकृती काढावी आणि मोठ्या पावलाचे माप धरावे. त्या आकृतीवर चप्पल ठेवली असता आकृतीची कड बाहेर डोकावत असेल तर ती चप्पल तुमची नाही. बुटात सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी. लांब बोट अंगठाच असते असे नाही. पुष्कळांचे दुसरे असते. वाढत्या मुलांची मापे दर तीन महिन्यांनी पाहावीत. थोरल्याचा बूट धाकट्याला देण्याची काटकसर शक्यतो करू नये. त्या बुटाला थोरल्याच्या पायाचे वळण लागलेले असते. हवाई चप्पल न्हाणीघरात ठीक. दिवसभर वापरली तर ती धरून ठेवण्यातच बोटे दमतात.

आता नरकचतुर्दशी आली. पहाटे अभ्यंगाला पाटावर बसाल, तेव्हा तेल चोळता चोळता घरातल्या वडीलधाऱ्यांचे पाय दिव्याच्या उजेडात नीट पाहून घ्या. तळव्याला तेल लावा. बेचक्यांत मात्र ओल राहू देऊ नका. स्नानानंतर ज्या घरांत डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात, तिथे आजोबांना मधुमेह असेल तर त्यांना या वर्षी चप्पल घालून फोडू द्या. आणि फटाके उडवताना जळकी फुलबाजी अंगणात टाकू नका, पाण्याच्या बादलीत टाका. ज्याचा पाय बोलत नाही, त्याच्या वतीने घरातल्या कोणीतरी पाहत राहिले पाहिजे.